तेलघाण्याचं मळसूत्र

नाविक शाळेच्या त्या मास्तरानं माझं डोकं खाल्लंय. "बार्बा, सांगा ना. बार्बा, तेवढं सांगाच." बार्बा म्हणजे काका, इथं वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात. भुताची गोष्ट म्हणजे काय भाजलेले चेस्टनट आहेत, मागितले की ओंजळभर काढून द्यायला? पण माणूस उठायला तयार नाही. दिव्याशी फतकल मारून माझीच वाइन ढोसतोय. मग घे. एकदाच सांगीन. मध्येच 'हे कसं शक्य आहे' असं विचारायचं नाही. शक्य नाही हे मलाही कळतं. तेवढ्यासाठी शाळेत जावं लागत नाही.

त्या दिवशी तोमाझो ताराबोकिया घरून निघाला तो पाव पोचवायला. काम एवढंच. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, पाव शेजाऱ्यांनी न्यायचा, ही आमच्या लुसिन बेटाची रीत. बायकोनं बडीशेप घातलेला गोल पाव फडक्यात बांधून दिला, वर मूठभर सुके अंजीर ठेवले, आणि म्हणाली, "आता तरी तोंड सांभाळा." तोमाझोनं गाठोडं काखेला मारलं. ज्याच्या घरी तो निघाला होता त्या माणसाशी तो जन्मभर तोंड न सांभाळताच बोलला होता.

सकाळ केव्हाच उलटली होती, पण दिवस वर आल्याचं कुठं दिसत नव्हतं. समुद्रावरून धुकं आलं होतं, ओल्या लोकरीसारखं जड. डोलकाठ्या मध्येच कापून टाकल्यासारख्या दिसत होत्या. डांबराचा वास, खारवलेल्या माशांचा वास, सगळं त्या लोकरीत मुरून बसलं होतं. आवाज कुठून येतोय ते कळेना. लांबचं कुत्रं कानाशी भुंकल्यासारखं वाटे, आणि स्वतःचंच पाऊल दुसऱ्या कुणाचं वाटे.

तोमाझो आमच्या बंदरातला पहिल्या नंबरचा जहाज बांधणारा. मी त्याच्याकडेच कामाला होतो, फळ्यांच्या फटींत ताग कोंबून वर डांबर भरायचं काम. माणूस तापट, पण हात सोन्याचा. त्यानं 'ऑरोरा' नावाची आगबोट बांधली. दोन्ही अंगांना घराएवढी चाकं. ती पाणी झोडपत निघाली की डोंगरावरची मेंढरं पळायची. व्हिएन्नाहून बादशहाची सनद यायची तेवढी बाकी होती, म्हणजे या किनाऱ्यावर वाफेची बोट एकटा तोमाझो चालवणार.

नेमकी तेव्हाच गौदेन्सिओ स्कोपिनिकला बोट बांधायची हुक्की आली. गौदेन्सिओ तेलघाणे बनवायचा. ऑलिव्ह दाबायला लाकडाचं मांडीएवढं मळसूत्र लागतं. ती असली कोरायचा की एका हातानं फिरवली तरी लोण्यात सुरी जावी तशी उतरायची. आणि तोंड? तोंड तर मळसूत्राहून पेचदार. तो म्हणाला, ऑलिव्हच्या लगद्यात जे उतरतं ते पाण्यात का उतरणार नाही? बोटीच्या मागे पाण्याखाली लावायचं, वाफेनं फिरवायचं, बोट पुढं. चाकंबिकं काही नकोत.

"बार्बा तोमाझो," धक्क्यावर सगळ्यांदेखत तो ओरडायचा, "थोबाडीत मारून पाणी वाट देतं होय रे? बोट नाही, बदक बांधलंयस बदक!"

"आणि तू रे? ऑलिव्ह पिळून पोट भरेना म्हणून समुद्र पिळायला निघालास? तेल निघालं तर आम्हालाही दे वाटीभर."

लोक पोट धरून हसायचे. दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात असं सगळं बंदर म्हणायचं. पण एक गोष्ट बंदराला ठाऊक नव्हती. गौदेन्सिओनं मळसूत्र घासायला बाहेर काढलं की तोमाझो काहीतरी निमित्त काढून तिथून जायचा. थांबायचा नाही. चालता चालता नजर टाकायचा आणि म्हणायचा, "कड जाड आहे." गौदेन्सिओ त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आणि दुसऱ्या दिवशी कड तासलेली असायची. बाकीच्यांनी कितीही वाहवा केली तरी तो कानावर घ्यायचा नाही. त्याला वाहवा नको होती, खोट काढणारा हवा होता, आणि तसा डोळा बेटावर एकाच माणसाला होता.

गौदेन्सिओची बोट पाण्यात उतरली. नाव ठेवलं 'पात्सिएन्सा', म्हणजे सबुरी. ज्याच्या अंगात सबुरी नावालाही नव्हती त्यानं ठेवलं. भर हिवाळ्यात हा बाबा छातीभर पाण्यात उभा राहून अंगठ्यानं कड चाचपत बसला. छाती भरली. ताप चढला. शेवटच्या श्वासाला पोरीला म्हणाला, "कड अजून जाड आहे. बरोबर बोलतो तो गाढव." आणि गेला.

आता बंदर-कप्तानानं दोघांची परीक्षा आधीच ठरवून ठेवली होती. वारा बंदराच्या तोंडातून आत घुसत असेल, शिडाचं एकही गलबत बाहेर पडू शकणार नाही, अशा दिवशी मिठानं भरलेलं गलबत ओढून जो बाहेर नेईल त्याला सनद. दुसऱ्याच्या बोटीतलं वाफेचं यंत्र काढून टाकायचं. परीक्षा वाऱ्यावर ठरलेली होती, ती माणसाच्या मरणासाठी थांबणार नव्हती.

तर हे असं. आणि तोमाझो पाव घेऊन चालला होता.

गौदेन्सिओचं घर बंदराच्या टोकाला, चिंचोळ्या खाडीवर. पुढं पाणी, पाण्यात दोरांना बांधलेली 'पात्सिएन्सा'. दार नुसतं लोटलेलं. गौदेन्सिओची एकुलती एक पोर युफेमिया चर्चमध्ये गेली असावी. तोमाझोनं पाव टेबलावर ठेवला आणि रीतीप्रमाणे आजूबाजूला नजर टाकली.

आमच्याकडे माणूस गेला की घरात जे जे फिरतं ते काळ्या फितीनं बांधतात. महिन्याची प्रार्थना होऊन घंटा वाजली की सोडतात. कारण जीव लगेच जात नाही, घुटमळतो. तेवढ्यात काही फिरलं की चातीवर सूत चढावं तसा तो त्याच्यावर चढतो. घंटेआधी ते फिरतं बांधून उतरवला तर उतरवला. मग उतरत नाही.

पोरीनं सगळं नीट केलं होतं. विहिरीच्या रहाटाला फीत, चातीला फीत, धारेच्या दगडाला, घड्याळाच्या काट्यांना, मागच्या छपरीतल्या घाण्याच्या मोठ्या मळसूत्रालासुद्धा. तोमाझोला बरं वाटलं. छातीवर क्रूस काढून तो बाहेर पडला. आणि थांबला.

खर्र… खर्र… खर्र… खर्र…

मग काही नाही.

मग एक फुंकर.

लाकडावर कानस चालली की असा आवाज होतो. बेटावर कानस शंभर जणांकडे असेल. पण चार हात मारायचे, थांबायचं, फुंकर मारून भुसा उडवायचा, अंगठ्यानं चाचपायचं, पुन्हा चार हात… ही चाल एकाचीच. तोमाझोनं ती इतकी वर्षं, निमित्तं काढून काढून, ऐकली होती.

आवाज छपरीतून येत नव्हता. पाण्यातून येत होता.

तो काठाशी गेला. धुक्यात 'पात्सिएन्सा'चा मागचा भाग तेवढा दिसत होता, सुकाणूपर्यंत. पाणी काचेसारखं स्थिर. खर्र… खर्र… मग शांतता, आणि मग सुकाणूखालून बुडबुड्यांचा एक घोस वर आला. फुंकर मारल्यासारखा. फुटला. आणि त्याच्यामागून ढलप्या वर आल्या. कागदासारख्या पातळ, गुंडाळलेल्या, पिवळ्या लाकडावर तपकिरी शिरा. तोमाझोनं वाकून एक उचलली. नुकती निघालेली होती. नाकाशी धरली तर ताज्या तेलाचा वास.

'कुणीतरी पोरकटपणा करतंय,' तो मनाशी म्हणाला. तोमाझो भित्रा नव्हता. फळीवरून बोटीवर चढला, झाकण उचलून खाली उतरला. बॉयलर थंड, राख विझून गेलेली. उजेड झाकणातून येईल तेवढाच, दुधासारखा पांढरा. त्या उजेडात मळसूत्राचा लांब दांडा मागे जाऊन बोटीच्या अंगातून बाहेर गेलेला दिसत होता. त्यानं दांड्यावर हात ठेवला.

दांडा कोमट होता. हातात वस्तू फार वेळ धरल्यावर कोमट होते तसा.

आणि तो फिरला. थोडासा. थांबला. मग उलटा फिरला, थोडासाच. सुतार हातातली वस्तू अशी कलती करून, तशी कलती करून बघतो ना? अगदी तसा.

"बार्बा, हात काढा तिथला."

वर झाकणाशी युफेमिया उभी होती. डोक्यावर काळी शाल, आवाज अगदी हळू.

"काम चालू असताना कुणी हात लावलेला त्यांना आवडत नाही."

तोमाझोनं हात काढला. "पोरी… तू सगळं बांधलंस ना?"

"फिरतं ते सगळं."

"मग हे…?"

ती खाली येऊन पायरीवर बसली. "बोटीच्या बुडाशी काही फिरतं हे कुणाच्या लक्षात येणार, बार्बा? आजवर कुठल्या बोटीला तिथं काही फिरत होतं? घर आम्ही बायकांनी बांधलं. बोट बघायला आले ते पुरुष. त्यांनी दोर बघितले, नांगर बघितला, आणि गेले. बाबांचा देह घरात ठेवलेला होता तेव्हा खाडीच्या पाण्याला ओढ लागली होती. मळसूत्र पाण्याखाली सावकाश फिरत होतं. मी खिडकीतून बघितलंसुद्धा. मला वाटलं, काय सुंदर फिरतंय…"

खालून पुन्हा खर्र… खर्र… सुरू झालं.

"आत्ता बांध," तोमाझो म्हणाला. "उद्या नको. आत्ता."

"परीक्षा होऊ दे."

"अगं, तो अडकलाय तिथं! बाप आहे तुझा!"

"बाप आहे म्हणूनच!" पहिल्यांदा तिचा आवाज चढला, लगेच तिनं तो खाली आणला. "त्यांचं झालेलं नाही अजून. ऐकता आहात ना? आत्ता बांधलं तर अर्धवट मळसूत्र घेऊन मी हरणार. हरले की यंत्र निघणार, मळसूत्र चुलीत जाणार. मग त्याच्यावर चढलेला जीव कुठं जाईल, सांगा. चुलीत?" तिनं शालीच्या पदरातल्या ढलप्या दाखवल्या, रोज वेचलेल्या. "घंटेच्या आधी वारा आला पाहिजे. एवढंच मागते मी. वारा आला, परीक्षा झाली, की मी स्वतः बांधीन."

तोमाझोच्या गळ्यात काळा रेशमी रुमाल होता, सुतकाचा. पुढं बऱ्याच वर्षांनी त्यानं मला सांगितलं, त्याचा हात त्या रुमालावर गेला होता. ती घरात गेल्यावर पाण्यात उतरून बांधून टाकला असता, तर पुण्यही लागलं असतं आणि सनदही मिळाली असती. एका दगडात दोन पक्षी, आणि कुणी बोट दाखवायची सोय नाही. मग का नाही बांधलास, मी विचारलं. तर म्हणाला, "अरे, मला ती कड बघायची होती."

असा माणूस. बोला आता.

वारा आला. घंटेला थोडे दिवस उरले होते तेव्हा, वायव्येकडून, सरळ बंदराच्या तोंडात. सगळं लुसिन धक्क्यावर लोटलं. बायकांनी बसायला मोडे आणलेले, म्हाताऱ्यांनी बाटल्या. पैजा लागल्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या 'ऑरोरा'वर. पोरीला बघून एकजण ओरडला, "युफेमिया, डब्यात तेल आणलंस का गं? गलबत घसरवायला!" ती वळूनही पाहीना.

'ऑरोरा' आधी निघाली. काय दिसत होती! धूर, फेस, दोन्ही चाकांचा गडगडाट. गलबत निम्म्यावर आणलं तिनं. पण तोंडाशी लाटा उंच होत्या. बोट एका कुशीवर कलली, दुसऱ्या कुशीचं चाक पाण्याबाहेर आलं आणि हवेतच भन्नाट फिरायला लागलं. परत पाण्यावर आपटलं ते फळ्या मोडूनच. गलबत मागे आलं, 'ऑरोरा' त्याच्यामागे, पाय मोडलेल्या घोड्यासारखी.

मग 'पात्सिएन्सा'. नियम असा होता की एकाच्या बोटीवर दुसऱ्यानं साक्षीला असायचं, म्हणून तोमाझो तिच्यावर होता, खाली यंत्राशी. युफेमिया कोळसा टाकत होती. मी डेकवर होतो, फळ्यांतून पाणी शिरलं तर बघायला.

बोट निघाली आणि धक्का गप्प झाला. फेस नाही, गडगडाट नाही. मिठानं भरलेलं गलबत मागे बांधून ती वाऱ्याच्या तोंडावर अशी चालली, जसं काही कुणी पुढून दोरीनं हळूच ओढतंय. खाली तोमाझो दांड्याकडे बघत होता. थरथर नाही. कुरकुर नाही. आपण हरतोय हे त्याला कळत होतं, आणि डोळ्यांत पाणी येत होतं, ते हरण्याचं नव्हतं. कड झाली होती. न बघताही त्याला कळलं. शेवटी जशी हवी तशी झाली होती.

तोंडाशी पहिली मोठी लाट डेकवरून गेली, झाकणातून सरळ खाली, आणि भट्टीत. फस्स झालं. वाफेनं सगळं पांढरं. वाफ निवळली तेव्हा भट्टीत काळं पाणी होतं. निखारा एक नाही.

"संपलं," युफेमिया म्हणाली आणि फावडं टाकून खाली बसली.

पण बोट थांबली नाही.

तोमाझोनं बघितलं. दट्ट्या हलत होता, वरखाली, वरखाली. मग त्याला उमगलं. दट्ट्या दांड्याला फिरवत नव्हताच. दांडा दट्ट्याला हलवत होता. बाहेरून, पाण्यातून कुणीतरी.

बंदराचं तोंड मागे पडलं. धक्क्यावरून आरडाओरडा, टोप्या हवेत. आम्ही जिंकलो होतो. डेकवर मी आणि सुकाणूवाला नाचलो. गलबतावरच्यांनी शिडं सोडायला घेतली, ओढायचा दोर सोडा म्हणून हाका मारल्या. बोट थांबेल तर दोर सुटेल ना! बोट थांबेना. उघड्या समुद्राकडे तोंड करून तशीच चालली.

"बाबा," खाली युफेमिया दांड्याशी गुडघ्यांवर बसली. "झालं, बाबा. छान झालंय. बघा, सगळे ओरडतायत. पुरे आता."

दांडा फिरत राहिला.

"बाबा, फार सुंदर झालंय हो…"

आणि त्या फिरण्याच्या आवाजाखाली, अगदी खोल, तोमाझोला ऐकू आलं. खर्र… खर्र… फिरता फिरताच. अजून तासत होता. स्तुती ऐकून थांबणारा तो माणूसच नव्हता.

तोमाझो पुढं सरकला. त्यानं दोन्ही तळवे दांड्यावर ठेवले, पोरीनं नको म्हटलेलं असूनही, आणि धक्क्यावर बोलायचा तसा खेकसला:

"गौदेन्सिओ! कानस ठेव खाली, गाढवा! आता एक हात जरी जास्त मारलास तर कड मोडेल. बस झालं. यापेक्षा पातळ करायची नसते."

खर्र… थांबलं.

दांड्यानं आणखी एक फेरा घेतला, सावकाश, वजन जोखल्यासारखा. थांबला. उलटा थोडा. सुलटा थोडा. मग पार थांबला.

युफेमियाला रडू कोसळलं. तोमाझो तिला म्हणाला, "आत्ता. तुझ्यानं नाही व्हायचं, मी उतरतो." ती नको म्हणाली नाही.

गलबत सोडून आम्ही बेटाच्या आडोशाला वाहत आलो होतो. तोमाझो डेकवर आला, कपडे काढले, गळ्यातला काळा रुमाल हातात घेतला. मला म्हणाला, "दोरी दे. सरकफास घालून दे." डांबर लावलेली दोरी माझी, गाठही माझी. कमरेला दुसरा दोर बांधून मी तो धरला, आणि हा खाली गेला.

बराच वेळ गेला. माणूस एवढा वेळ दम धरत नाही. मी दोर ओढला, तर पलीकडून कुणी हलकेच मागे ओढला. घाईनं नाही. 'थांब जरा' म्हटल्यासारखा. मग सैल झाला आणि तोमाझो वर आला, ओठ निळे.

"बांधलं?" मी विचारलं.

"बांधलं." दातावर दात आपटत होते. "काय कड आहे रे… काय कड आहे…"

पुढं त्यानं सांगितलं ते असं. खाली अंधार होता. रुमाल आणि दोरी त्यानं चाचपडत घातली, फास ओढला. वर यायला निघाला, तर एका हातानं त्याचं मनगट धरलं. जोरानं नाही. त्या हातानं त्याचा अंगठा उचलला आणि कडेवर ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्ण, हळूहळू फिरवला. आणि सोडून दिला.

धक्क्यावर आल्यावर त्यानं भर गर्दीत टोपी काढली आणि बंदर-कप्तानाला म्हणाला, "सनद हिच्या बापाच्या नावानं लिहा. मी बदक बांधलं होतं." भट्टी विझल्याचं मात्र आम्ही कुणीच बोललो नाही.

घंटा वाजली. सगळ्या फिती सुटल्या. युफेमियानं ती बोट चांगली चालवली, वर्षानुवर्षं. तोमाझोनं पुन्हा चाक बांधलं नाही. मळसूत्रंच कोरायचा. हात त्याचा सोन्याचा, पण स्वतःची कड त्याला कधी पसंत पडली नाही. माझ्यासारख्याला विचारायचा, "जाड आहे का रे?" मला काय कळतंय! उत्तर देणारा दुसराच होता, तो आता नव्हता.

आता मास्तर, तू म्हणशील गोष्ट संपली. नाही.

घंटा झाल्यावर तो रुमाल आणि दोरी सोडायला मी पाण्यात उतरायचं ठरलं होतं. उतरावं लागलं नाही. त्या सकाळी गौदेन्सिओच्या दारासमोरच्या खुंटावर माझी दोरी ठेवलेली होती. नीट वेटोळं करून. गाठ सोडून सरळ केलेली. कोरडी. खाऱ्या पाण्यात राहिलेली दोरी वाळली तरी तिला मीठ धरतं, हात लावला की टोचतं. मी जिभेला लावून बघितली. मीठ नव्हतं. रुमाल तर कुठं मिळालाच नाही.

आणि तोमाझो काय म्हणाला? पाद्र्यासमोर, अख्ख्या बंदरासमोर म्हणाला, "याची गाठ सैल होती. वाहून वर आली असेल." माझी गाठ! दोन वादळांत गलबतं धरून ठेवलीत माझ्या गाठींनी. माझी गाठ सुटत नाही. सोडावी लागते. हे त्यालाही माहीत होतं. घाबरला होता म्हणून माझ्यावर ढकललं. पण म्हणाला ते म्हणाला, आणि लोक अजून मला त्यावरून चिडवतात.

तोही गेला, बरेच हिवाळे झाले. तेव्हा आम्ही चूक केली नाही. घर बांधलं, कारखाना बांधला, आणि बंदरात तोवर जेवढ्या मळसूत्राच्या बोटी झाल्या होत्या त्या सगळ्यांच्या बुडाशी मी माणसं उतरवली. गाठी सगळ्या मी घातल्या. घंटा होईतो एकही ढळली नाही.

तरी धुकं आलं की, दिवसाढवळ्या, माझ्या खिडकीखालच्या पाण्यातून दोन माणसं बोलताना ऐकू येतात. शब्द कळत नाहीत. एक बोलतो, दुसरा त्याच्यावर खेकसतो, मग पहिला हसतो. मजेत आहेत. पण अलीकडे ते दोघं बोलता बोलता खिडकीशी येऊन गप्प होतात. आत हाक मारून माणूस उंबऱ्याशी थांबावा तसे. खाली काहीतरी बांधून झालं असणार, आणि आता फटी भरायला माणूस हवा असणार. बेटावर त्या कामाचा जुना माणूस मी एकटाच उरलोय.

मी खिडकी उघडत नाही. कडी घालून बसतो. आधी मला ती गाठीची माफी पाहिजे, मोठ्यानं, नाव घेऊन. ती मिळाल्यावर न उघडण्याला माझ्याकडे काही कारण उरणार नाही, हेही मला ठाऊक आहे. पण अजून मागितलेली नाही. तोमाझो ताराबोकियानं.